कोरा रिपोर्ट

हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू ज्याच्या शरीरात मुक्कामाला आहे, त्याचं रक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर खरा विषाणू शोधावा लागतो. तिथे गर्दी असते ती दुसऱ्याच कणांची. बाहेरून हुबेहूब विषाणूचं आवरण आणि आत काही नाही! एका खऱ्या विषाणूमागे असे पोकळ कण हजार, कधी कधी लाखभरही असतात. खरा विषाणू ४२ नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर ओळीनं मांडले तर तेवीस हजारांहून जास्त बसतील इतका लहान. पोकळ गोळ्या त्याहून लहान, साधारण २२ नॅनोमीटरच्या. शरीराची प्रतिपिंडं या पोकळ गोळ्यांवर तुटून पडतात, तिथेच खर्ची पडतात आणि खरा विषाणू निसटतो.

विषाणूनं आपल्याला फसवण्यासाठी जे बनवलं, तेच माणसानं उचललं आणि त्याची लस केली. हिपॅटायटिस ‘बी’च्या लशीत त्या पोकळ आवरणाचाच कण असतो. त्यात विषाणूचं जनुकीय साहित्य नाही, म्हणून लशीमुळे हा आजार होऊच शकत नाही.

हा शोध ज्यांच्यामुळे लागला ते बरूच ब्लूमबर्ग काविळीच्या मागावर नव्हतेच. वेगवेगळ्या वंशांच्या माणसांच्या रक्तात काय काय फरक असतात, याचा त्यांना नाद होता. ऑस्ट्रेलियातल्या एका मूळनिवासी माणसाच्या रक्तातला एक प्रथिनकण, वारंवार रक्त चढवाव्या लागलेल्या एका अमेरिकन हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडाशी जुळला. १९६५ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या कणाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव पडलं. तो काविळीच्या विषाणूचा अंगरखा आहे हे पुढे उलगडलं. १९७६ साली ब्लूमबर्ग यांना नोबेल मिळालं आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे रक्ताच्या चिठ्ठीवर आजही कुणी डॉक्टर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असंच लिहितात. अलीकडच्या रिपोर्टवर तीच तपासणी ‘एचबीएसएजी’ म्हणून येते.

१९८१ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या लशीसाठी ते पोकळ कण चक्क विषाणूवाहक माणसांच्या रक्तद्रवातून गाळून, शुद्ध करून घेतलेले होते. १९८६पासून ते काम यीस्ट करू लागलं. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये आवरणाचं एकच जनुक घातलं की ते यीस्ट विषाणू कधीही न पाहता त्याचा अंगरखा शिवत बसतं. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ साली अशी देशी लस आणली, पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही आली, आणि श्रीमंतांची लस गावच्या आरोग्य केंद्रात पोचली. तैवाननं १९८४ साली ‘बी’ बाळगणाऱ्या आयांच्या नवजात बाळांना आणि १९८६पासून सरसकट सगळ्याच बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग निम्म्यावर आला. लशीनं कर्करोग रोखता येतो, हे जगानं पहिल्यांदा तिथे पाहिलं.

आता हे सगळं मुक्ताईनगरच्या वाचकानं का वाचावं? कारण आपल्या देशात ही लस सरकारी कार्यक्रमात आली २००२ साली, तीही मोजक्या ठिकाणी. देशभर पोचायला २०११ उजाडलं. आज जन्मलेल्या बाळाला चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा मिळते आणि मग सहा, दहा व चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट लशीतून उरलेल्या. पण त्या बाळाच्या आईवडिलांना, आजीआजोबांना बहुधा एकही मिळालेली नाही. आणि आजारी लिव्हर असतं ते याच पिढ्यांमध्ये. शिबिरात सोनोग्राफी केली आणि ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’ निघालं, दारूनं लिव्हर खराब झालं, मधुमेहाबरोबर चरबी साचली, जुना हिपॅटायटिस ‘सी’ सापडला, सिरॉसिस झाला. अशा माणसाला डॉक्टर गोळ्या देतात, पथ्य सांगतात. त्याच वेळी विचारायचा एक प्रश्न मात्र राहून जातो: या लिव्हरवर दुसरा घाव पडू नये म्हणून काय केलं?

यकृताचं वागणंच असं आहे की हा प्रश्न कुणाला सुचू नये. साधारण दीड किलोचा हा अवयव कमालीचा सोशीक. जिवंत दात्याच्या यकृताचा निम्म्याहून मोठा भाग काढून दुसऱ्याला दिला, तरी उरलेला तुकडा काही महिन्यांत वाढून जवळजवळ मूळ आकाराचा होतो. शिवाय त्याच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत, कळतात त्या वरच्या पातळ आवरणाला. त्यामुळे आत वर्षानुवर्षं व्रण पडत गेले तरी माणूस शेतात राबत असतो, केळीचे घड उतरवत असतो.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण अमिताभ बच्चन यांचं. १९८२ साली बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात त्यांना जबर दुखापत झाली आणि कितीतरी दात्यांचं रक्त चढवावं लागलं. त्यातल्या एका बाटलीतून ‘बी’ आला. हे त्यांना कळलं सुमारे वीस वर्षांनी, एका साध्या तपासणीत. तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता, असं त्यांनीच जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाला वीस वर्षं पत्ता लागला नाही, तिथे इतरांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की २०२२ साली भारतात ‘बी’ बाळगणारे २ कोटी ९८ लाख आणि ‘सी’ बाळगणारे ५५ लाख लोक होते. त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही.

आधीच दुखावलेल्या यकृतावर दुसरा विषाणू आला तर काय होतं, याचा एक थरकाप उडवणारा पुरावा इटलीतला आहे. तिथल्या डॉक्टरांनी जुनाट हिपॅटायटिसचे रुग्ण सात वर्षं नजरेखाली ठेवले होते. त्यांतल्या ‘सी’च्या ४३२ रुग्णांपैकी १७ जणांना त्या काळात हिपॅटायटिस ‘ए’ झाला. ‘ए’ म्हणजे एरवी मुलांना होणारी, पंधरा-वीस दिवसांत उतरणारी साधी कावीळ. त्या १७ पैकी सात जणांचं यकृत झपाट्यानं बंद पडलं आणि सहा जण दगावले. १९९८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जुनाट यकृतविकार असलेल्यांना ‘ए’ आणि ‘बी’ दोन्हींपासून जपा, या सल्ल्याला धार आली.

हिपॅटायटिसचे पाच विषाणू एकमेकांचे नातलग नाहीत. ‘ए’, ‘बी’, ‘सी’, ‘डी’, ‘ई’ ही अक्षरं पाहून तसं वाटतं खरं, पण प्रत्येकाचं कूळ वेगळं. फक्त यकृत हे घर सगळ्यांनी निवडलंय. ‘ए’ आणि ‘ई’ दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. ‘बी’ आणि ‘सी’ रक्तातून: न उकळलेली सुई, दुसऱ्याचा वस्तरा, यात्रेत एकाच सुईनं गोंदवणं, तपासणीशिवाय चढवलेलं रक्त. ‘बी’ बाळंतपणात आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातूनही जातो. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं जात नाही. ‘बी’चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसही तग धरतो, हे सलूनवाल्यानं ऐकून ठेवावं. वस्तऱ्याचं पातं दर गिऱ्हाइकाला नवं हवं, ते त्यासाठी.

‘डी’ सगळ्यांत अजब. १९७७ साली इटलीच्या मारिओ रिझ्झेत्तो यांनी शोधलेला हा विषाणू इतका अपुरा की त्याला स्वतःचा अंगरखाही करता येत नाही. तो ‘बी’चा अंगरखा पांघरतो. म्हणून ज्याला ‘बी’ नाही त्याला ‘डी’ होऊच शकत नाही, आणि ‘बी’ची एकच लस दोघांना अडवते.

‘सी’ आणि ‘बी’ची तर उलटी तऱ्हा. ‘सी’ला लस नाही, कारण तो आपलं रूप सतत पालटत राहतो. पण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवांहून अधिक रुग्ण त्यातून पूर्ण बरे होतात. ‘बी’ला उत्तम लस आहे, पण एकदा मुरला की मुळासकट उपटणारं औषध अजून नाही. गोळ्या त्याला दाबून ठेवतात, यकृत वाचवतात. म्हणजे ‘सी’ शोधून काढायचा बरा करण्यासाठी, आणि ‘बी’ शोधायचा एक तर आवरण्यासाठी, नाही तर तो नाहीच असं कळलं की त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी.

हे शोधणं कसं होतं ते बघण्यासारखं आहे. ‘बी’साठी रक्तात तीन गोष्टी पाहतात. पहिली, विषाणूचं आवरण, म्हणजे आपलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. ते सापडलं तर विषाणू आत्ता शरीरात आहे. सहा महिन्यांनंतरही सापडत राहिलं तर तो कायमचा राहिला आहे. दुसरी, त्या आवरणाविरुद्धचं प्रतिपिंड. ते असेल तर संरक्षण आहे. आणि तिसरी, विषाणूच्या आतल्या गाभ्याविरुद्धचं प्रतिपिंड. खरी गंमत या तिसरीत आहे. लशीत फक्त आवरण असतं, गाभा नसतोच. म्हणून लस घेतलेल्याच्या रक्तात आवरणाचं प्रतिपिंड असतं, गाभ्याचं नसतं. गाभ्याचं प्रतिपिंड ज्याच्यात आहे त्याची प्रत्यक्ष विषाणूशी गाठ पडलेली असते, मग ती चाळीस वर्षांपूर्वी का असेना. माणूस विसरला असेल, त्याला कधी कळलंही नसेल, पण रक्त विसरत नाही.

असा विषाणू निघून गेला तरी यकृताच्या पेशींच्या केंद्रकात तो आपल्या जनुकाचं एक छोटं वेटोळं मागे ठेवून जातो. ते वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं. केमोथेरपी किंवा जास्त दिवसांची स्टिरॉइड्स यांनी प्रतिकारशक्ती खाली आली की ते जागं होऊ शकतं. ‘सी’चा उपचार चालू असतानाही दबलेला ‘बी’ उसळल्याची उदाहरणं आहेत. म्हणून असे उपचार सुरू करण्याआधी या तपासण्या करायच्या असतात.

आणि तिन्ही निगेटिव्ह आल्या तर? बहुतेक जण सुटकेचा निःश्वास सोडतात, रिपोर्टाची घडी करतात आणि पिशवीत ठेवून देतात. इथे मुक्ताईनगरच्या माणसाला एक गोष्ट आठवायला हवी. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानानं मोठा म्हणून नमस्कार, हे ठरेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला, अशी कथा आहे. तो पाहून मुक्ताईनं काय टोला हाणला ते इथल्या पोरासोरांना पाठ असतं. पण पुढचा भाग महत्त्वाचा. तो कागद कुणी बाजूला ठेवून दिला नाही. निवृत्तिनाथांनी उत्तर लिहायला सांगितलं आणि ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. तिन्ही निगेटिव्ह आलेला रिपोर्टही असाच कोरा कागद आहे. विषाणू आलेला नाही ही त्यातली बरी बातमी, आणि तो आला तर अडवायला आत कुणी नाही ही दुसरी. त्यालाही उत्तर द्यायचं असतं, आणि ते म्हणजे लस.

हे उत्तर लवकर द्यायला हवं, कारण यकृत जितकं बिघडतं तितकी लस कमी लागू पडते. निरोगी तरुणाला शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा दिल्या तर शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांत पुरेशी प्रतिपिंडं तयार होतात. सिरॉसिस झालेल्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतं. यकृत म्हणजे पचनाचाच अवयव असं आपण मानतो, पण शरीरात एका जागी बसून जंतू गिळणाऱ्या पेशींपैकी सुमारे ऐंशी टक्के यकृतातच असतात. आतड्यातून येणारं रक्त तिथे गाळलं जातं. ती व्यवस्था कोलमडली की सगळी प्रतिकारशक्ती थकते आणि लशीनं दिलेली हाक तिला नीट ऐकू येत नाही. म्हणून अशा रुग्णांना डॉक्टर अनेकदा दुप्पट मात्रा देतात, आणि शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी आवरणाचं प्रतिपिंड मोजायला सांगतात. ते १०च्या वर असेल तर लस लागली. नसेल तर पुन्हा द्यायची. बाळांच्या लसीकरणात असं मोजत बसत नाहीत. आजारी यकृताच्या बाबतीत ‘लस घेतली’ आणि ‘लस लागली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘ए’चं गणित आपल्याकडे निराळं आहे, आणि ते पुण्यात मांडलं गेलं. पूर्वी जवळजवळ प्रत्येक मराठी मूल लहानपणीच ‘ए’ला सामोरं जायचं, बहुतेकांना कावीळही दिसायची नाही, आणि जन्मभराचं संरक्षण मिळायचं. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते १९९८ या काळातल्या रक्तनमुन्यांचा अभ्यास करून दाखवलं की शहरी सुस्थित घरांत हे चित्र पालटत आहे. पाणी स्वच्छ झालं, मुलं ‘ए’पासून वाचली, आणि त्याच कारणानं त्याच्या संरक्षणाशिवाय मोठी झाली. म्हणून यकृतविकार असलेल्याचं आधी प्रतिपिंड तपासावं. साठीतल्या शेतकऱ्यात ते बहुधा असेल आणि लशीची गरजच पडणार नाही. शहरात वाढलेल्या त्याच्या तिशीतल्या मुलात ते नसण्याची शक्यता बरीच. मग सहा महिन्यांच्या अंतरानं ‘ए’च्या दोन मात्रा.

‘ई’वर मात्र आपल्या देशात लस उपलब्ध नाही. चीनमध्ये २०११ साली एक मंजूर झाली, आपल्याकडे ती मिळत नाही. आणि काविळीच्या मोठमोठ्या साथी आपल्याकडे घडवतो तो बहुतेक वेळा हाच. दिल्लीची १९५५-५६ची साथ याचीच. २०१२ साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत घरोघर कावीळ पसरली तीही याचीच. गरोदर बायकांना आणि आधीच सिरॉसिस असलेल्यांना ‘ई’ जीवघेणा ठरतो. मुक्ताईची पालखी ज्येष्ठात निघून महिनाभर चालत पंढरपूरला पोचते. वाटेत गावोगावचं पाणी प्यावं लागतं. लिव्हरचा आजार असलेल्या वारकऱ्यानं उकळलेलं पाणी बरोबर बाळगणं, हीच त्याच्यासाठी ‘ई’ची लस.

कावीळ म्हटली की आपल्याकडे माळ घालणं, नाकात औषध टाकणं, डाग देणं हे येतंच. ‘ए’ आणि ‘ई’ची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. पण शेताच्या बांधावर उगवणाऱ्या भुईआवळीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिच्याकडे खुद्द ब्लूमबर्ग यांनी लक्ष दिलं होतं. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी त्यांच्या सोबतीनं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. भुईआवळी घेतलेल्या ‘बी’वाहकांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तातून ऑस्ट्रेलिया अँटिजेन नाहीसं झालं, असं त्यात होतं. जगभर खळबळ उडाली. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसा गुण काही आला नाही. ज्यानं विषाणू शोधला त्यानं गावच्या वनस्पतीलाही मोकळ्या मनानं संधी दिली, आणि पुरावा टिकला नाही तेव्हा विज्ञान पुढे सरकलं. आजारी यकृताच्या माणसानं झाडपाल्याचा काढा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. त्या काढ्याचा निचराही शेवटी त्याच यकृताला करायचा असतो.

२८ जुलै २०१८पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आहे. त्यात ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. एके काळी लाखोंच्या घरात असलेला ‘सी’चा उपचार आता जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू शकतो. मुक्ताईनगरच्या माणसाला पुढच्या उपचारासाठी जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

तेव्हा घरात कुणाला फॅटी लिव्हर, सिरॉसिस किंवा लिव्हरची जुनी सूज असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. ऑस्ट्रेलिया अँटिजेनबरोबर गाभ्याचं आणि आवरणाचं प्रतिपिंडही तपासायचं का? ‘सी’ची तपासणी झाली आहे का? ‘ए’चं प्रतिपिंड आहे का? आणि ‘बी’ची लस किती मात्रेत घ्यायची, लागली की नाही ते कधी मोजायचं? कुणाचं ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह आलं, तर त्याच्या बायकोची, मुलांची, भावंडांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या. ज्यांचे रिपोर्ट कोरे येतील त्यांची पहिली मात्रा लगेच टोचून घ्या, आणि दुसरीची तारीख केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नका.